न दिसणारे दार

(घराला दार असते आणि दाराला कुलूप असते. ज्या घरात वाय-फाय असते, त्या घराला आणखी एक दार असते. ते डोळ्यांना दिसत नाही. ते उघडे राहिले तर काय होते व ते नीट कसे लावावे, हे शिरूर येथील एका विद्यार्थ्याने या पाठात सांगितले आहे.)

शिरूर गाव घोड नदीच्या काठी वसले आहे. जुनी माणसे अजूनही गावाला 'घोडनदी' म्हणतात. येथील बाजारपेठेत माझ्या अब्बांचे हार्डवेअरचे दुकान आहे. दुकानात खिळे, कड्या, बिजागऱ्या आणि तऱ्हेतऱ्हेची कुलपे मिळतात. गिऱ्हाईक कुलूप मागू लागले, की अब्बा आधी विचारतात, "कशाला लावायचे? पेटीला, की घराला?" मग ते योग्य कुलूप काढून देतात आणि म्हणतात, "कुलूप चांगले आहे, पण किल्ली सांभाळा. किल्ली गावभर फिरली, तर कुलपाचा काय उपयोग?"

अब्बांचे हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याचा खरा अर्थ मला मागच्या दिवाळीच्या सुट्टीत कळला.

आमच्या घरी इंटरनेट आहे. कंपनीचा माणूस आला, त्याने भिंतीवर एक पांढरी पेटी बसवली. तिला राउटर म्हणतात. तारेतून आलेले इंटरनेट ही पेटी रेडिओ लहरींनी घरभर पसरवते. त्यामुळे मोबाईलला तार जोडावी लागत नाही. पेटी बसवल्यावर त्या माणसाने अब्बांना विचारले, "पासवर्ड काय ठेवू?" अब्बा घाईत होते. ते म्हणाले, "माझा मोबाईल नंबर ठेवा. लक्षात राहील."

सुरुवातीला सारे ठीक होते. पुढे संध्याकाळी इंटरनेट फार हळू चालू लागले. अब्बांना दुकानाची बिले पाठवायला वेळ लागे. दादीला तिच्या बहिणीशी बोलताना चेहरा दिसे, पण आवाज तुटे. अब्बा कंपनीवर रागावले. मी मात्र गप्प बसलो.

दिवाळीच्या सुट्टीत आपा पुण्याहून आली. ती पुण्यात संगणकशास्त्र शिकते. अब्बांनी तिला तक्रार सांगितली. तिने राउटरच्या तळाशी चिकटवलेला कागद वाचला, त्यावरचा पत्ता मोबाईलवर लिहिला आणि राउटरचे पान उघडले. त्यात एक यादी होती. त्या वेळी आमच्या वाय-फायला कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, हे त्या यादीत दिसत होते.

"अब्बा, आपल्या घरात मोबाईल किती?" आपाने विचारले.

"तुझा धरून पाच. आणि दारावरचा कॅमेरा," अब्बा म्हणाले.

"म्हणजे सहा उपकरणे. पण या यादीत तर चौदा आहेत!"

अब्बा चकित झाले. अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. आपाने माझ्याकडे पाहिले. माझी मान खाली गेली. "मी फक्त दोघांनाच पासवर्ड दिला होता," मी हळूच म्हणालो. त्या दोघांनी आणखी दोघांना दिला असणार. आमच्या घराची किल्ली गल्लीभर फिरत होती, आणि ती मीच दिली होती.

"असू दे," अम्मी म्हणाली. "मुलांनी थोडे इंटरनेट वापरले, तर त्यात एवढे काय बिघडले?"

"अम्मी, प्रश्न इंटरनेट कमी होण्याचा नाही," आपा म्हणाली. "मी तुम्हाला एक खरी घटना सांगते."

आम्ही सारे चटईवर बसलो. आपा सांगू लागली.

"२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी गुन्हेगारांनी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पाठवला. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथे एका घरी पोहोचले. तेथे एक परदेशी गृहस्थ राहत होते. त्यांचा या गुन्ह्याशी काही संबंध नव्हता. पण त्यांचे वाय-फाय उघडे होते. गुन्हेगारांनी त्यांच्याच वाय-फायवरून तो ई-मेल पाठवला होता. त्या गृहस्थांना चौकशीला तोंड द्यावे लागले. त्यांचे संगणक तपासले गेले. त्यांचे नाव देशभरातील वर्तमानपत्रांत आले."

"बिचारे!" दादी म्हणाली. "गुन्हा एकाचा आणि त्रास दुसऱ्याला."

"पुढच्या दोन महिन्यांत असे आणखी दोन ई-मेल आले. त्यांसाठी माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरच्या एका कंपनीचे वाय-फाय वापरले गेले होते. जानेवारी २००९ मध्ये मुंबईचे पोलीस उपकरणे घेऊन रस्त्यांवर फिरले आणि कोणाकोणाचे वाय-फाय उघडे आहे, याचा त्यांनी शोध घेतला. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानेही इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना दिल्या."

अब्बा विचारात पडले. "म्हणजे या दारातून कोणी काही वाईट केले, तर लोक आधी घराच्या मालकालाच विचारणार."

"होय अब्बा. आणि वाय-फायच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या रस्त्यापर्यंत जातात. रस्त्यावरच्या माणसाला आपल्या घरात पाऊलही ठेवावे लागत नाही."

"मग चांगले कुलूप लाव," अब्बा म्हणाले. कुलपाचा विषय निघताच त्यांचा उत्साह वाढला. "कोणकोणती कुलपे आहेत तुझ्या या पेटीत?"

आपाने सुरक्षेचे पान उघडले. तेथे कुलपांची नावे इंग्रजी अक्षरांत होती. ती एकेक नाव समजावून सांगू लागली.

"पहिले, उघडे. म्हणजे कुलूपच नाही. ते कधीही ठेवू नये. दुसरे डब्ल्यू.ई.पी. हे १९९७ सालचे, सर्वांत जुने कुलूप. ते मोडण्याची रीत संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिली. आज ते काही मिनिटांत उघडते. तिसरे डब्ल्यू.पी.ए. हे २००३ मध्ये आले. जुने मोडके कुलूप बदलेपर्यंत लावायची ती कडी होती. आता तेही कालबाह्य झाले आहे. चौथे डब्ल्यू.पी.ए.-२ हे २००४ मध्ये आले. हे मजबूत आहे. मात्र त्याच्यासोबत ए.ई.एस. हा पर्याय निवडावा. पाचवे डब्ल्यू.पी.ए.-३ हे २०१८ मध्ये आले. या पाचांत हेच सर्वांत चांगले."

"मग सर्वांत चांगलेच लाव. माझ्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही मी हेच सांगतो," अब्बा म्हणाले.

"पण दादीचा मोबाईल जुना आहे. त्याला पाचवे कुलूप ओळखता येत नाही. म्हणून या पानावर दोन्हींचा मिळून एक पर्याय दिला आहे. नवे मोबाईल पाचव्याने आत येतील आणि दादीचा मोबाईल चौथ्याने."

"माझ्यामुळे कोणाची अडचण नको गं," दादी म्हणाली. सारे हसले.

"आता किल्ली," आपा म्हणाली. "अब्बा, तुमचा नंबर दुकानाच्या पाटीवर लिहिलेला आहे ना?"

अब्बांनी कपाळावर हात मारला. "पाटीवरही आहे आणि बिलांवरही! मीच माझी किल्ली दुकानाच्या दाराला टांगून ठेवली आहे."

"नंबर पाटीवर नसता, तरी तो चांगला पासवर्ड नव्हता. नुसत्या आठ अंकांचा पासवर्ड असेल, तर त्याचे दहा कोटी प्रकार होतात. दहा कोटी हा आकडा आपल्याला मोठा वाटतो. पण वाय-फायच्या लहरींतून एकदा योग्य ती नोंद मिळाली, की वेगवान संगणक हे सारे प्रकार थोड्याच वेळात करून पाहतो. दहा अंकी मोबाईल नंबर शोधायला त्याला फार तर काही तास लागतात. पाचव्या कुलपात अशी चोरून तपासणी करता येत नाही. पण आपण चौथेही चालू ठेवले आहे. म्हणून किल्ली लांब हवी."

"लांब किल्ली लक्षात कशी राहणार?" मी विचारले.

"पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा ठेवता येतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्यायचे आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचे. समज, पेरू, बैलगाडी, चष्मा, सतरंजी, पाऊस. असे शब्द आपल्याला आठवतात, पण दुसऱ्याला सुचत नाहीत. नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर मात्र घ्यायचा नाही."

आम्ही प्रत्येकाने एकेक शब्द सुचवला. दादीने सुचवलेला शब्द सर्वांत मजेदार होता. तो मी येथे लिहिणार नाही!

नंतर आपाने आणखी चार गोष्टी केल्या. पहिली, राउटरचे पान उघडण्याचा पासवर्ड बदलला. तो वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड अनेकांना माहीत असतो. ज्याला तो ठाऊक आहे, तो घरात शिरला तर कुलूपच बदलून टाकू शकतो. दुसरी, डब्ल्यू.पी.एस. नावाची सोय बंद केली. या सोयीत आठ अंकी क्रमांक देऊन वाय-फायला जोडून घेता येते. पण राउटर हा क्रमांक दोन भागांत तपासतो आणि त्याचा शेवटचा अंक नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे पहिल्या भागाचे दहा हजार आणि दुसऱ्या भागाचे एक हजार, असे अकरा हजार प्रयत्न पुरतात. ही उणीव २०११ मध्ये उघडकीस आली. तिसरी, राउटरचे नवे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. २०१७ मध्ये चौथ्या कुलपातही एक दोष सापडला होता. ज्यांनी नवे सॉफ्टवेअर घेतले, त्यांचा दोष दूर झाला. चौथी, वाय-फायचे नाव बदलले. आधी त्यात आमचे आडनाव आणि घर क्रमांक होता.

"नावच लपवून टाकले तर?" मी विचारले. "मग कोणाला दिसणारच नाही."

"तशी सोय आहे, पण तिचा फारसा उपयोग नाही. आपलेच मोबाईल ते नाव हवेत पुकारत राहतात. दारावरची पाटी काढली, म्हणून दार बंद होत नाही."

काम झाले. आता यादीत फक्त आमची सहा उपकरणे होती. अब्बा खूश झाले. मला मात्र बरे वाटेना. रात्री मला जेवण गेले नाही. अम्मीने कारण विचारले.

मी ज्या दोघांना पासवर्ड दिला होता, त्यांतील एक माझा शेजारचा मित्र आहे. तो दहावीत आहे. त्याची अम्मी कपडे शिवते. त्यांच्या घरी एकच मोबाईल आहे आणि त्यातले इंटरनेट दुपारीच संपते. माझा मित्र रात्री आमच्या भिंतीला टेकून बसतो आणि आमच्या वाय-फायवर गणिताचे धडे पाहतो. आता त्याचा अभ्यास बंद पडणार होता.

अब्बांनी सारे ऐकून घेतले. ते लगेच काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपाला विचारले, "बेटा, आपल्या घराला बैठकीची खोली असते. पाहुणा तेथे बसतो. तो आतल्या कपाटापर्यंत जात नाही. तुझ्या पेटीत अशी बैठकीची खोली नाही का?"

"आहे अब्बा!" आपा म्हणाली. "तिला पाहुण्यांचे वाय-फाय म्हणतात. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. पाहुण्याला इंटरनेट मिळते, पण आपले मोबाईल आणि कॅमेरा त्याला दिसत नाहीत. तो पासवर्ड आपल्याला हवा तेव्हा बदलता येतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाहुणा जे करील, तेही आपल्याच नावावर लागते. म्हणून हे दार कोणासाठी उघडायचे, ते तुम्हीच ठरवा."

"माणूस ओळखीचा आहे. त्याच्या अम्मीला मी वीस वर्षे ओळखतो," अब्बा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा मला घेऊन शेजारी गेले. खालांनी चहा केला. अब्बांनी त्यांना सानपाड्याची घटना सांगितली. मग एक चिठ्ठी माझ्या मित्राच्या हातात दिली आणि म्हणाले, "हा पासवर्ड तुझ्यासाठी आहे. दुसऱ्या कोणाला हवा असेल, तर त्याला माझ्याकडे पाठव. आणि आता भिंतीला टेकून बसू नकोस. घरात येऊन बस."

खाला म्हणाल्या, "भाई, न विचारता घेत होतो, याची मला लाज वाटत होती. आता विचारून घेतले. बरे झाले."

मित्राने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. बाहेर पडल्यावर मी अब्बांना विचारले, "दार बंद केले आणि पुन्हा उघडले. मग फरक काय पडला?"

अब्बा म्हणाले, "काल ते उघडे राहिले होते. आज आपण उघडले."

एवढे बोलून ते दुकानाकडे निघाले. मीही त्यांच्या मागोमाग गेलो. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला कुलूप देताना ते वाक्य मीच म्हटले, "किल्ली सांभाळा."

शब्दार्थ

बिजागरी – दार फिरते ठेवणारा धातूचा जोड
गिऱ्हाईक – दुकानात माल घेणारा माणूस
उपकरण – यंत्र, साधन
माग काढणे – खुणांवरून शोध घेणे
तोंड देणे – सामना करणे
कालबाह्य – ज्याचा काळ संपला आहे असे
पडताळणी – बरोबर आहे की नाही याची तपासणी
उणीव – कमतरता
उघडकीस येणे – सर्वांना कळणे
जेवण न जाणे – जेवावेसे न वाटणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिरूर गावाला जुनी माणसे काय म्हणतात?
(आ) वाय-फायचा पहिला पासवर्ड कोणता होता?
(इ) राउटरच्या यादीत किती उपकरणे दिसली?
(ई) पोलीस ई-मेलचा माग काढत कोठे पोहोचले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोबाईल नंबर हा चांगला पासवर्ड का नाही?
(आ) दादीच्या मोबाईलसाठी आपाने कोणता पर्याय निवडला?
(इ) पाहुण्यांच्या वाय-फायला अब्बांनी घरातील कशाची उपमा दिली? ती उपमा योग्य का आहे?

३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "मी फक्त दोघांनाच पासवर्ड दिला होता."
(आ) "दारावरची पाटी काढली, म्हणून दार बंद होत नाही."
(इ) "काल ते उघडे राहिले होते. आज आपण उघडले."

४. रिकाम्या जागा भरा.
(अ) डब्ल्यू.पी.ए.-३ हे कुलूप ______ साली आले.
(आ) वाय-फायचा पासवर्ड ______ ते त्रेसष्ट अक्षरांचा असतो.
(इ) डब्ल्यू.पी.एस.चा क्रमांक शोधायला ______ प्रयत्न पुरतात.

५. शब्दांची ओळख.
'कुलूप' हा मराठी शब्द अरबी भाषेतील 'कुफ्ल' या शब्दापासून आला आहे. उर्दूत तुम्ही 'कुफ्ल' म्हणता. खालील मराठी शब्द वाचा. त्यांच्याशी मिळतेजुळते उर्दू शब्द शोधून लिहा.
खबरदारी, तक्रार, मालक, बाजार, जबाबदारी

६. व्याकरण.
'किल्ली सांभाळा.' या वाक्यात क्रियापदावरून सूचना किंवा आज्ञा कळते. पाठातील अशी आणखी तीन वाक्ये शोधून वहीत लिहा.

७. उपक्रम.
घरातील वडीलधाऱ्यांच्या परवानगीने व त्यांच्यासोबत बसून आपल्या किंवा नातेवाइकांच्या घरचे वाय-फाय पाहा. कोणते कुलूप लावले आहे? पासवर्ड कधी बदलला होता? किती उपकरणे जोडलेली आहेत? आपले निरीक्षण पाच वाक्यांत लिहा. पासवर्ड मात्र वहीत लिहू नका.